बासष्ट की चौसष्ट

धाकटी घरात धाकटी होतीच. प्रयोगशाळेतही सगळ्यांच्या मागून आली म्हणून तिथंही धाकटीच झाली. तिशी ओलांडली, नावाआधी डॉक्टर लागलं, कानाजवळ पांढरे केस डोकावायला लागले, तरी हाक यायची ती ‘अगं धाकटे’ अशीच. तिची त्यावर काही तक्रार नव्हती. धाकटं असण्यात एक मोठी सोय असते. काही बिघडलं तर लोक आधी थोरल्यांकडे बघतात.

ही सोय एका सकाळी, घरासमोरच्या रस्त्यावर, एकाएकी संपली.

दादा तिला गाडीने कामावर सोडणार होता. सोडणार म्हणजे काय, तर ऐन निघायच्या वेळी बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता, आणि धाकटीच्या हातात प्लास्टिकचं नरसाळं देऊन तिलाही कामाला लावलं होतं.

“नीट धर, सांडू देऊ नकोस,” तो म्हणाला. “आणि तुझा तो फ्रीज काय म्हणतोय? इतकी वर्षं बर्फ करताय तू आणि तुझ्या त्या बाई. ग्लासात टाकायला एक खडा तरी झाला का?”

“आमचा बर्फ डोळ्यांना दिसत नाही, दादा.”

“झकास. मग मीही आता न दिसणाऱ्या गाड्या विकायला काढतो.”

दादाचा जुन्या गाड्यांचा धंदा होता आणि स्वतःच्या विनोदावर सगळ्यात आधी हसण्याची खोड होती. हसताना त्याचा हात हलला. कॅनमधलं, इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट नरसाळ्याच्या कडेवरून धाकटीच्या बोटांवर ओघळलं. तिने रुमालाने पुसलं, पण बोटं चिकटच राहिली.

“असं नाही जायचं ते,” दादा म्हणाला. “साबण लावून खसाखसा धू. नाहीतर जिथे हात लावशील तिथे जाऊन बसेल. आणि एकदा फटीत गेलं ना, तर महिनोन्‌महिने निघत नाही.”

धाकटी हात धुवायला वळली आणि तशीच थांबली. कॅनच्या पाठीमागे बारीक अक्षरांत आत काय आहे ते लिहिलं होतं: इथिलीन ग्लायकॉल. तिला ते नवीन नव्हतं. नवीन नव्हतं, हीच तर पंचाईत. तिने आणि तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ताऱ्यांच्या मधल्या बर्फात जो पदार्थ तयार होतो म्हणून जगाला सांगितलं होतं, तो हाच. आणि त्यांच्या यंत्राला खेटून, पंप गार ठेवायला पाणी फिरवणारं जे चिलर उभं होतं, त्याच्या टाकीतही, पाणी गोठू नये म्हणून, हेच मिसळलेलं असायचं. ती टाकी धाकटीच भरायची. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ते तिला चांगल्या पक्क्या डांबरी रस्त्यावर उभ्या उभ्या कळलं.

आता तिच्या तोंडचं पाणी का पळालं हे कळायचं तर त्या दोघी काय करत होत्या ते सांगायला हवं, आणि ते दिसतं तेवढं अवघड नाही. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे आणि धुळीचे अफाट ढग असतात. त्यांतले काही इतके दाट, की आतपर्यंत कुठल्याच ताऱ्याचा उजेड पोचत नाही. आत मिट्ट काळोख, आणि थंडी अशी, की आपल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीला तिथे कोणीही उन्हाळा म्हणेल. त्या थंडीत धुळीच्या कणावर वायू येऊन बसतात आणि बसले की उठत नाहीत. त्यांचा बर्फ होतो. पाण्याचा होतो, तसा बंद खोलीत शेगडी पेटवली तर माणसाचा जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचाही होतो. या बर्फावर हायड्रोजनचे सुटे अणू येऊन पडतात, रिकामटेकड्यासारखे इकडेतिकडे हिंडतात आणि जो सापडेल त्याला जाऊन चिकटतात. असे चार चिकटले की त्या विषारी वायूचं अल्कोहोल होतं. आणि असे अर्धेमुर्धे झालेले दोन रेणू शेजारी शेजारी आले, तर त्यांची आपसात जोडी जमते, आणि पुढे त्यातून साखरेच्या नात्यागोत्यातलं ग्लायकॉल तयार होतं. याच ढगांतून पुढे तारे होतात, ग्रह होतात. म्हणजे कुठल्याही जगाची शिदोरी आधी या बर्फात बांधली जाते.

इथपर्यंत कोणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं उजेडाचं. जोडी जमायला अतिनील प्रकाशाचा धक्का लागतोच, असं बहुतेकांचं म्हणणं. बाई म्हणायच्या, लागत नाही. ढगाच्या पोटात, उजेडाचा किरणही नसताना, नुसत्या हायड्रोजनच्या भरवशावर हे होतं. बाई तरुण होत्या तेव्हापासून हे सांगत होत्या आणि लोक तेव्हापासून मान हलवत होते, आडवी. समोरच्या पक्षाला बाईंनी ‘दिवेवाले’ असं नाव ठेवलं होतं, कारण त्यांच्या प्रत्येक यंत्रावर अतिनील दिवा असायचा. त्या पक्षाचे प्रमुख शेजारच्याच इमारतीत बसायचे, आणि होता होता त्यांनाच सगळे दिवेवाले म्हणायला लागले. तोंडावर अर्थात ‘सर’.

आणि मग गेल्या वर्षी, दिवा न लावता, बाईंच्या यंत्रात ग्लायकॉल दिसलं. चांगलं ठसठशीत दिसलं. शोधनिबंध छापून आला, लांबलांबून पत्रं आली, जिन्यात गाठ पडली तेव्हा दिवेवाल्यांनीही अभिनंदन केलं, थोडं घसा खाकरून. बाई या आठवड्यात निवृत्त होत होत्या. परवा त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं, विषय तोच, आणि अध्यक्ष म्हणून बाईंनी मुद्दाम दिवेवाल्यांनाच बोलावलं होतं.

हात धुऊन धाकटी गाडीत बसली. तिच्या डोळ्यांसमोर ते यंत्र होतं, म्हणजे चहूबाजूंनी नळ्या फुटलेलं पोलादी पिंप, आणि त्याच्या पोटात नाण्याएवढी सोनेरी तबकडी. पंप लावून पिंपातली हवा काढायची, तबकडी ताऱ्यांमधल्या थंडीइतकी गार करायची आणि तिच्यावर बर्फ धरायचा. हे यंत्र कोणत्याही कारणाने उघडलं की दोन गोष्टी करायच्याच, असा बाईंचा दंडक होता. पहिली म्हणजे शेक. पिंपाला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून, वरून चंदेरी फॉइल लपेटून, आतला ओलावा आणि मळ उडून जाईपर्यंत त्याला तापवत ठेवायचं. दुसरी म्हणजे रिकामी फेरी. बर्फ न घालता अख्खा प्रयोग करायचा, म्हणजे यंत्राच्या पोटात आधीचंच काय आहे ते कळतं.

गेल्या वर्षीच्या त्या मोठ्या प्रयोगाआधी पिंपाची एक खिडकी बदलावी लागली होती. नव्या खिडकीच्या सीलला उष्णता चालत नव्हती, म्हणून शेक दिला नाही. तो निर्णय दोघींचा होता. रिकामी फेरी मात्र धाकटीने एकटीनेच गाळली. खिडकी बदलायच्या आधी एक झाली होती, तीच धरली. खिडकी म्हणजे काय, काच तर आहे, असं तिला वाटलं. आणि त्याच दिवशी, खिडकीला हात घालण्याच्या जरा आधी, चिलर कुरकुर करत होतं म्हणून तिने त्याची टाकी भरली होती. हातात मोजे होते. तेच मोजे घालून तिने मग यंत्रात हात घातला, तबकडीचे स्क्रू घट्ट केले आणि झाकण लावलं. आपले हात यंत्राला लागू नयेत म्हणून मोजे घालणाऱ्या माणसाला मोज्यांना काय लागलंय हे कधी सुचतच नाही.

“का गं, तोंड का उतरलंय?” दादाने विचारलं.

“माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं.”

“मग धुतलेस ना आत्ता?”

“आत्ता धुतले. तेव्हा नव्हते धुतले.”

दादाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बहिणीच्या बोलण्यातलं निम्मं आपल्याला कळत नाही, हे त्याने फार पूर्वीच मान्य केलं होतं.

दोन चौक जाईपर्यंत धाकटीने गप्प बसायचं पक्कं केलं होतं. दुसऱ्या कोणाला यातलं काही माहीत नव्हतं, कळायचा मार्गही नव्हता. बाई परवा बोलणार, टाळ्या घेणार, घरी जाणार. आयुष्यभराच्या हेटाळणीनंतर एका बाईला चार दिवस सुखाचे मिळतायत, तर त्यात माती कालवणारी आपण कोण? सगळं कसं पटण्यासारखं होतं. फक्त परवा बाई पोटतिडकीने बोलत असताना आपण पहिल्या रांगेत बसून मान डोलावतोय, एवढंच चित्र तिच्या डोळ्यांसमोर नीट उभं राहीना. तिसऱ्या चौकात तिने ते सोडून दिलं.

बाई कपाट रिकामं करत होत्या. खोलीभर खोकी होती आणि बाई त्यांच्या मधोमध, चष्मा कपाळावर, हातात कुठल्यातरी जुन्या पंपाचा मोडका पंखा घेऊन उभ्या होत्या. टाकायचा की ठेवायचा, हे ठरत नव्हतं.

“बाई, जरा बोलायचं होतं.”

“बोल की. रिकाम्या हाती उभी राहू नकोस, हे खोकं धर आणि बोल.”

धाकटीने खोकं धरलं आणि सगळं सांगितलं. चिलर, मोजे, खिडकी, गाळलेली फेरी. मध्ये दम घेतला असता तर पुढचं बोलवलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. बाईंनी पंखा हळूच खिडकीत ठेवला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

“मोजे बदलले नाहीस?”

“नाही.”

“आणि फेरी जुनीच धरलीस?”

“हो.”

“मला का नाही बोललीस तेव्हा?”

“तेव्हा काही सांगण्यासारखं आहे असंच वाटलं नाही, बाई.”

धाकटी मनातल्या मनात अंग चोरून उभी राहिली. बाईंच्या जिभेचा प्रसाद तिने यापूर्वी अनेकदा खाल्ला होता. एक नट उलटा फिरवला म्हणून बाईंनी तिच्या अख्ख्या शिक्षणाचा उद्धार केला होता. आज मात्र त्या चष्मा काढून पुसत बसल्या, पुसून झाला तरी पुसत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता, आणि तो आपण केला, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटायला आलं.

“रडायचं नंतर,” बाई म्हणाल्या. “त्या दिवसानंतर यंत्र उघडलंय का आपण?”

“नाही. हवा शिरूच दिली नाही.”

“म्हणजे घाण असेल तर अजून आतच आहे.”

“स्क्रूच्या आट्यांत बसली असेल. थोडी थोडी सुटून तबकडीवर येत असेल.”

“मग बरंय,” बाई म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. “चोर घरातच आहे. भारी कार्बन वापरू.”

भारी कार्बन म्हणजे साध्या कार्बनचा जरा अंगाने भरलेला भाऊ. वागणूक तीच, सवयी त्याच, फक्त वजन एकाने जास्त. ग्लायकॉलच्या रेणूत कार्बन दोन. साध्या कार्बनचं ग्लायकॉल वजनाला बासष्ट भरतं, भारी कार्बनचं चौसष्ट. तेव्हा भारी कार्बनच्या मोनॉक्साइडचा बर्फ धरायचा आणि शेवटी निघालेलं ग्लायकॉल तोलायचं. जे त्या बर्फात जन्मलं ते चौसष्ट भरणार. जे टाकीतून मोज्यावर आणि मोज्यावरून यंत्रात आलं ते बासष्टच भरणार. त्याने कितीही आव आणला तरी त्याचं वजन वाढायचं नाही.

“पण आपल्याकडे भारी कार्बन नाही,” धाकटी म्हणाली. “मागवायचा म्हटला तर कधी येईल कोण जाणे.”

“दिवेवाल्यांकडे आहे.”

“त्यांना काय कारण सांगायचं? म्हणजे, उपकरण तपासतोय, असं काहीतरी...”

बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मघाचा सगळा राहिलेला ओरडा त्या एका बघण्यात होता. मग त्यांनी फोन उचलला.

“मी बोलतेय,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडचा भारी कार्बन मोनॉक्साइडचा सिलिंडर हवा होता. माझ्या यंत्रात बाहेरचं ग्लायकॉल शिरलं असावं असा संशय आहे... हो, त्याच निबंधातलं... हो, परवाच आहे व्याख्यान. नाही, पुढे नाही ढकलायचं... आजच. धाकटीला पाठवते.”

त्यांनी फोन ठेवला. आता मागे फिरायची वाटच उरली नाही, हे धाकटीला कळलं. बासष्ट निघालं तर ते सगळ्यात आधी दिवेवाल्यांना कळणार होतं, आणि तेही बाईंच्याच तोंडून.

दिवेवाले दारातच उभे होते. उंच, किंचित वाकलेले, आवाज नेहमी एका पट्टीत. सिलिंडर त्यांनी स्वतःच कपाटातून काढून आणला होता. वाढदिवसाच्या केकसारखा तो दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, “किती घाण असेल असं वाटतं?”

“खरंच माहीत नाही, सर.”

“बाईंनी मला दुसरं काहीही कारण सांगितलं असतं तरी मी दिला असता.”

“मी तेच सुचवलं त्यांना.”

“मग?”

“बघितलं माझ्याकडे.”

“हं. ते बघणं मला माहीत आहे,” दिवेवाले म्हणाले आणि सिलिंडर तिच्या हातात दिला. “उरला तर परत आणून द्या.” या माणसाला मनातून उकळ्या फुटतायत की वाईट वाटतंय, हे धाकटीला त्यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी यंत्राला भिडल्या. तबकडी गार व्हायला लागली, पंपांची घरघर एका सुरात आली, आणि धाकटीने एका बाजूने भारी कार्बनचा वायू आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजनच्या अणूंचा झोत सोडला. बर्फ धरायला लागला. दिसत तर काहीच नव्हतं. खिडकीतून सोनेरी तबकडी होती तशीच दिसत होती. घाई करून चालत नाही. वायू भसाभस सोडला तर अणूंना हिंडायला सवड मिळत नाही, आधीच्या थरावर दुसरा थर बसतो आणि सगळं जागच्या जागी गाडलं जातं. ढगाच्या पोटात याच कामाला युगं लागतात. त्या मानाने धाकटीला अर्धा दिवस मिळाला होता, तरी तिला तो संपता संपत नव्हता.

बाई स्टुलावर बसून पोळीची गुंडाळी खात होत्या. आदल्या दिवशी जो चेहरा एकदम म्हातारा झाला होता, तो आज नेहमीसारखा कडक होता.

“खा काहीतरी,” त्या म्हणाल्या. “तू उपाशी राहिल्याने वजन बदलणार नाही, ना तुझं ना ग्लायकॉलचं.”

“बाई, बासष्टच निघालं तर?”

“तर परवा मी तेच सांगणार... परवा कुठली, उद्याच की. उद्या उभी राहणार आणि सांगणार की निबंध मागे घेतेय. मग दिवेवाले आभार मानतील, आणि मग आपण चहा पिऊ.”

“आणि इतक्या वर्षांचं काय?”

गुंडाळीचा उरलेला तुकडा त्यांनी डब्यात परत ठेवला, तेव्हा धाकटीला कळलं की बाईंनी मघापासून फक्त दोनच घास खाल्लेत.

दुपार कलली तेव्हा वायू बंद करून त्यांनी तबकडी तापवायला घेतली. तापवायला म्हणजे, अगदी सावकाश, एकेक अंशाने. बर्फातले पदार्थ अशा वेळी बसमधल्या उतारूंसारखे वागतात. ज्याचा थांबा आला तो उतरतो, बाकीचे बसून राहतात. उतरणाऱ्या प्रत्येकाचं वजन घेणारं उपकरण पिंपाला जोडलेलं होतं आणि समोरच्या पडद्यावर रेघा काढत होतं. बासष्टला निळी, चौसष्टला लाल. सगळ्यात आधी, अजून भयंकर गार असतानाच, न बदललेला मोनॉक्साइड निघून गेला. मग बराच वेळ कोणी उतरेना. मग दोनच हायड्रोजन चिकटलेलं फॉर्माल्डिहाइड, त्याच्या मागून अल्कोहोल. निळी आणि लाल दोन्ही रेघा तळाशी पडून होत्या.

ग्लायकॉलचा थांबा जवळ आला आणि निळी रेघ हलली.

आधी धाकटीला वाटलं, आपल्याला भास होतोय. पण नाही, निळी चढत होती. हळूहळू, पण चढतच होती. लाल तशीच आडवी.

“निळी चढतेय, बाई.”

“दिसतंय मला.”

झालं. तिच्या एका मोज्याने एका माणसाचं आयुष्य पुसलं. तिला पडद्याकडे बघवेना म्हणून तिने बाईंकडे पाहिलं, तर बाई स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, बोटं पांढरी पडेपर्यंत. नजर मात्र पडद्यावरून हलली नव्हती. निळी रेघ चढून चढून थांबली, एक छोटं टेकाड करून उतरायला लागली. धाकटी तोंड उघडून माफी मागणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, “थांब.”

लाल हलली. उठली, निळीच्या बरोबरीला आली, तिला ओलांडून गेली, आणि पुढे अशी सरळ चढत गेली की पडद्याची वरची कड आली तरी तिचं समाधान होईना. धाकटीला घाईघाईने मोजपट्टी बदलावी लागली; नव्या पट्टीवर निळं टेकाड अगदीच चिमुकलं दिसायला लागलं आणि लाल डोंगर अजून वाढतच होता. वरवर चिकटलेलं आधी सुटलं होतं, थरात रुतलेलं आता सुटत होतं. चौसष्ट. टाकीतल्या कूलंटला, हातमोज्याला, जगातल्या कुठल्याही घाणीला जे वजन आणता आलं नसतं, ते. काल सकाळपासून टांगून ठेवलेला धाकटीचा जीव असा काही भांड्यात पडला, की ती तिथेच फरशीवर बसली.

बाई हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. लाल रेघ पूर्ण खाली येईपर्यंत त्या एका जागी बसून राहिल्या. मग कागदावर गणित करायला लागल्या.

“चार हिस्से आपलं, एक हिस्सा तुझ्या टाकीचं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे निबंधातला आकडा फुगलाय. दुरुस्ती पाठवायची. उद्या दोन्ही रेघा दाखवायच्या, आणि खिडकी, मोजे, गाळलेली फेरी, सगळं सांगायचं. तो भाग तू सांगायचास.”

“मी?”

“मग कोण? मोजे काय मी घातले होते?”

“हो बाई,” धाकटी फरशीवरूनच म्हणाली. तिला इतकं हलकं वाटत होतं, की त्या क्षणी बाईंनी तिला रस्त्यावर उभं राहून ओरडून सांगायला लावलं असतं तरी ती गेली असती.

बाई उठून कोपऱ्यातल्या जुन्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

“एक सांगू?” त्या म्हणाल्या. “तो निबंध छापून आला ना, तेव्हापासून मला धड झोप नाही.”

“आनंदाने?”

“कसला आनंद. इतकी वर्षं सगळे चूक म्हणत होते, तेव्हा माझी पक्की खात्री होती. आणि सगळे बरोबर म्हणायला लागले तशी माझीच खात्री गेली. रोज रात्री वाटायचं, कुठेतरी काहीतरी राहिलंय. नक्की राहिलंय. एवढं सरळ आपल्याला कधी मिळालंय?”

“आणि राहिलं होतंच.”

“होतंच. ते तू आणून समोर ठेवलंस. ते वजा करूनही एवढं उरलं. काळोखात होतं गं, धाकटे. खरंच होतं. आज मलाच पहिल्यांदा पटलं.”

काहीतरी हाताला काम हवं म्हणून ती आलेख जपून ठेवायला, झडपा बंद करायला, तबकडीचा हीटर बघायला उठली. त्यात थोडा वेळ गेला. वळून पाहिलं तर बाई झोपल्या होत्या. मान एका खांद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्याशी, तोंड थोडं उघडं, आणि पंपाच्या घरघरीत मिसळून जाईल अशी बारीक घोर. धाकटीने हलक्या हाताने चष्मा काढून बाजूला ठेवला. बाईंना पत्ताही लागला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा बाईंचा फोन थरथरायला लागला. धाकटीने झडप घालून उचलला.

“बाई?” पलीकडे दिवेवाले होते.

“धाकटी बोलतेय, सर.”

“काय आलं?”

“चौसष्ट,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “बासष्टही आहे थोडं. पाचातला एक हिस्सा. बाकी सगळं चौसष्ट.”

जन्मभर दुसऱ्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल, याचा धाकटीने आत्तापर्यंत एकदाही विचार केला नव्हता.

“म्हणजे त्या बरोबर होत्या,” दिवेवाले म्हणाले. आवाज त्याच पट्टीत होता, फक्त नेहमीपेक्षा सावकाश. “द्या बाईंना फोन.”

“झोपल्यात त्या, सर.”

“झोपल्या? आत्ता?”

“खुर्चीतच. गाढ झोपल्यात. उठवू का?”

फोन कटला की काय म्हणून धाकटीने कानापासून दूर करून पाहिला. चालू होता.

“नको,” दिवेवाले म्हणाले. “उठवू नका. मी उद्या सगळ्यांसमोर सांगेन त्यांना. झोपू द्या.”

धाकटीने फोन ठेवला, पाय न वाजवता स्टूल खुर्चीजवळ आणलं आणि बाई आपल्या आपण जाग्या होईपर्यंत तिथेच बसून राहिली.